अळंबीची पूड विका, पण औषध म्हणून नको

‘लायन्स मेन’ नावाच्या पांढऱ्या, केसाळ अळंबीची पूड आणि कॅप्सूल सध्या बाजारात आहेत. खाण्याचा माल म्हणून त्यात वावगे काही नाही. पण स्वमग्न, अतिचंचल किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांना ती गुणकारी आहे, असे सांगून माल खपविला जातो. आमच्या व्यापारी बांधवांनी या भानगडीत पडू नये.

१९९० च्या दशकात जपानमध्ये या अळंबीतून काही द्रव्ये काढली गेली. प्रयोगशाळेतील पेशींवर ती घातली असता, मज्जातंतूंच्या वाढीस लागणारे एक प्रथिन जास्त तयार झाले. सगळी जाहिरात याच आधारावर उभी आहे. २००९ साली जपानमधीलच एक चाचणी प्रसिद्ध झाली. ५० ते ८० वयाच्या, स्मरणशक्ती किंचित उतरलेल्या ३० जणांपैकी निम्म्यांना १६ आठवडे रोज ३ ग्रॅम पूड दिली. फरक दिसला, पण पूड बंद करताच चार आठवड्यांत तो ओसरला. त्यात मूल एकही नव्हते! शिवाय म्हातारपणीचे विस्मरण वेगळे आणि स्वमग्नता वेगळी. तिची सुरुवात मेंदूच्या घडणीतच, बहुधा जन्माआधी होते.

आईबाप हवालदिल असतात, मागाल ती किंमत देतात. पण तोच पैसा बोलणे शिकविणाऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवा असतो, आणि लहान वयातली वाया गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

कायद्याचेही भान ठेवा. मेंदूच्या विकारांवर इलाज म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने मनाई आहे. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

माल घेतानाही डोळे उघडे हवेत. कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, हे आपण विचारतो, आणि ते बरोबरच आहे. आतली पूड कशाची, हे मात्र विचारत नाही. काही माल धान्यावर बुरशी वाढवून दाण्यांसकट दळलेला असतो. चिमूटभर पूड पाण्यात कालवून आयोडिनचे दोन थेंब टाका. रंग काळानिळा झाला तर त्यात पिठूळ अंश आहे, आणि अळंबीच्या भावात तुम्ही धान्य विकत घेत आहात.