स्टिअरिंगला आतून हात नको!

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. आपल्याकडे क्लासला वळण कसं शिकवतात? तळवा वर करून चाकाच्या आतून हात घालायचा आणि खस्सकन ओढायचं. वळलं की "सोड, आपोआप येतं"! तेवढ्यात जमलं नाही, तर शेजारचे सरच स्टिअरिंग फिरवतात. म्हणजे शेवटी वळतात ते सरच!

पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हा आतून ओढल्यावर जोर मिळायचा, मान्य. आता तेवढा जोर लागतच नाही. शिवाय १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती असते स्टिअरिंगच्या मधोमध. वळताना धडक बसून ती उघडली, तर आत घातलेल्या हाताचं काय होईल?

खरं तर पद्धत साधी आहे हो. वळणाआधीच वेग कमी, दुसरा गिअर. डावीकडे वळायचंय? डावा हात वर नेऊन चाक खाली ओढा, उजवा नुसता कडेने खाली सरकवा. मग उजव्याने वर ढकला, डावा सरकवा. हात एकमेकांवरून जातच नाहीत. चाक सरळ होतानाही हातांतूनच येऊ द्या. नजर जायचंय तिकडे, बॉनेटवर नाही.

"टेस्टला आठ काढता आला की झालं!" अहो, आठ रिकाम्या मैदानात काढतात. गल्लीच्या तोंडाशी मात्र शाळेची पोरं असतात.

तेव्हा घरातलं कोणी शिकत असेल, तर सरांना स्पष्ट सांगा: तुमचा हात काढा, तिला वळू द्या.