१-०-१

आपल्यासाठी १-०-१ म्हणजे बायनरीतले पाच. माझ्या आजीसाठी मात्र सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा इतका साधा कोड, पण तोही चुकतो, हे मला मागच्या दिवाळीत कळलं.

आजी अलिबागजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. भेटायला गेले तर तिच्या बीपीच्या गोळ्या चार जास्त उरलेल्या! दिवसपाळीच्या मावशींना वाटायचं रात्रपाळी देईल, रात्रपाळीला वाटायचं देऊन झाली. मी भडकले. आजी म्हणाली, "अगं, त्या दोघी आणि आम्ही तीस जणं. ओरडू नकोस त्यांना."

इंजिनिअरिंगच्या डोक्यात पहिली आयडिया कुठली येणार? अलार्म! बझर, एलईडी, मिनी प्रोजेक्ट तयार. पण मित्रांनो, बझर बंद केला म्हणजे गोळी पोटात गेली असं थोडंच आहे?

पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरुग्णांसाठी काम करणारं. या रोगाच्या औषधांचं पाकीट कधी पाहिलंय? अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिवसावार लावलेल्या. महिन्याचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायचा, बाकीचे रोज घरी. कुठला खण भरलेला राहिला ते लगेच दिसतं. सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असा पार पडतो. क्षयरोगाच्या '९९ डॉट्स'मध्ये तर गोळी काढली की पाकिटावर लपलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट फोन लावायचा, की नोंद झाली. ना सेन्सर, ना बॅटरी!

वृद्धाश्रमातही हेच हवं. प्रत्येकाचा वारांचे खण असलेला डबा. सही गोळी गिळल्यावर, आधी नाही. पाळी बदलताना दोघींनी मिळून डबे बघायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोस चुकला तर तो न घाबरता लिहिता आला पाहिजे. ओरडा बसणार म्हटल्यावर कोण खरं लिहील? मग कोणीतरी गुपचूप दोन गोळ्या एकदम देणार, आणि ते जास्त धोक्याचं. चुकल्यावर काय करायचं ते डॉक्टरनेच सांगायचं.

जर्नलमध्ये न घेतलेली रीडिंग्ज आपण बिनधास्त भरतो. तिथे फार तर मार्क जातात. आजीच्या तक्त्यात तसं केलं तर?

परत गेले तेव्हा त्या मावशींना सॉरी म्हटलं. डबा मात्र आम्ही तिघींनी मिळून भरला.