बाबा व्हर्सेस रकून

‘‘चोरी झाली गं!’’

दुपारचे तीन वाजलेले. मी एका क्लायंटच्या ऑफिसात, गारेगार एसीत, मशीनचा गोडमिट्ट चहा पीत ब्रीफ ऐकत बसलेली. आणि फोनवर बाबा. न्यू जर्सीहून! तिकडे पहाटेचे साडेपाच. ताईच्या घरी चोरी? मी मीटिंग तशीच सोडून कॉरिडॉरमध्ये पळाले. काय काय नेलं, कुणाला लागलंबिगलं नाही ना, पोलिसांना कळवलं का, असे सगळे प्रश्न एका दमात विचारून टाकले. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘चौदा कणसं.’’

तर मंडळी, आजचा कॉलम मक्याच्या चौदा कणसांवर आहे. नवा कॅफे, नवा सिनेमा वगैरे पुढच्या आठवड्यात.

आधी थोडा फ्लॅशबॅक. आई गेली गेल्या डिसेंबरात. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, पुण्याच्या टू बीएचकेत एकटे. मी मुंबईत डेडलाइनच्या मागे. रोज रात्री फोन करायचे, तो बरोब्बर दोन वाक्यांत संपायचा. ‘‘जेवलीस?’’ आणि ‘‘बरं, ठेवतो.’’ एप्रिलात ताई आली आणि त्यांना सहा महिन्यांसाठी उचलून न्यू जर्सीला घेऊन गेली. तिथे तिचं छान घर आहे, मागे भलंमोठं बॅकयार्ड आहे, आठ वर्षांचा नातू आहे. बाबांना करमेल, असा आमचा दोघींचा फंडा. पण फोन दोन वाक्यांवरून एकावर आला. ताई म्हणाली, दिवसभर खिडकीत बसतात आणि परतीच्या तिकिटाला किती दिवस उरले ते मोजतात.

मग मे महिन्यात त्यांनी दाजींकडे कुदळ मागितली.

आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं. बाबा लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखायचे, हे मी हजार वेळा ऐकलंय. (आणि हजार वेळा फोनमध्ये डोकं घालून ‘हं हं’ केलंय. खोटं कशाला बोलू!) आमच्या वाटणीची जमीन मात्र आम्हा दोघींच्या शिक्षणात गेली. तो विषय घरात निघत नाही. तर दाजींच्या लॉनचा एक तुकडा उखडून बाबांनी मका टोकला, तोही दोन हप्त्यांत. निम्मा आधी, निम्मा तीन आठवड्यांनी. म्हणजे कणसं एकदम न येता पुरवून पुरवून खाता येतील. कडेनं वाल, भोपळा, थोडी कोथिंबीर. मला व्हिडिओ कॉलवर रोपं दाखवायला लागले. आमचे फोन दहा मिनिटांवर गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला पहिल्या हप्त्याचा दाणा दुधात भरला. ‘‘उद्या काढू,’’ म्हणून बाबा झोपले. आणि त्याच रात्री...

क्राइम सीनचं वर्णन ऐका. ताटं आडवी पडलेली. कणसांची सालं व्यवस्थित सोललेली. प्रत्येक कणसाचे दोन-चार घास खाऊन पुढचं धरलेलं. आणि चिखलात छोटे छोटे हात उमटलेले. पंजे नाहीत, हात! पाच बोटं, अगदी लहान मुलाची असतात तशी. बाबांनी सरळ नातवाला उठवलं. ‘‘रात्री बागेत कोण गेलं होतं? खरं सांग.’’ भाचेबुवांनी डोळे चोळत ठसे बघितले आणि निकाल दिला, ‘‘आजोबा, दॅट्स अ रकून!’’

रकून तुम्ही कार्टूनमध्ये बघितला असेल. डोळ्यांवर काळा मास्क, शेपटीवर पट्टे. टोटल चोराचा गेटअप! नावच मुळी व्हर्जिनियातल्या पॉव्हाटन लोकांच्या भाषेतून आलंय, आणि त्याचा अर्थ साधारण ‘हातांनी खरवडणारा’. सगळी करामत त्या हातांतच आहे. कडी उघडतो, झाकण काढतो, कचऱ्याचा डबा आडवा करतो. कलिंगडाला छोटंसं भोक पाडून आतला गर हातानं ओरपतो, वरून फळ जसंच्या तसं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका अभ्यासकानं रकूनना 13 प्रकारच्या कड्याकुलपांची परीक्षा दिली होती. 11 उघडली! माझ्या पीजीच्या बाथरूमची कडी मला अजून धड उघडता येत नाही.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1926 साली अमेरिकेचे अध्यक्ष होते कॅल्विन कूलिज. थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीत शिजवून खायला म्हणून मिसिसिपीहून त्यांना कुणीतरी जिवंत रकून पाठवला. त्यांनी तो खाल्लाच नाही. नाव ठेवलं रिबेका, आणि ती व्हाइट हाऊसमध्ये पाळीव म्हणून राहिली. हा किस्सा मी बाबांना उत्साहानं ऐकवला. ‘‘त्यांचा मका नव्हता,’’ बाबा म्हणाले.

मग सुरू झालं युद्ध. मी मुंबईत रिसर्च डेस्क, बाबा फ्रंटवर.

पहिला उपाय अर्थातच बुजगावणं, दाजींचा जुना ब्लेझर घालून. काडीचाही उपयोग नाही. दुसरा उपाय, रेडिओ. माणसाचा आवाज ऐकला की ते बिचकतात, असं मी वाचलं होतं. बाबांनी स्पीकर बाहेर ठेवला आणि रात्रभर भीमसेनजींचे अभंग लावले. तीन रात्री शांतता! मी इकडे कॉलर ताठ करून फिरत होते. चौथ्या रात्री त्यांनी अभंग ऐकत ऐकत सहा कणसं खाल्ली. लाइटचंही तेच. आवाज आणि उजेड यांची त्यांना तीन-चार दिवसांत सवय होते. आपल्याला शेजारच्या बांधकामाची होते ना, तशी.

तिसरा उपाय तिखट. तिकडच्या दुकानांत मिरचीचे स्प्रे मिळतातच, पण बाबांनी ताईचा साताऱ्याहून नेलेला कांदालसूण मसाला पाण्यात कालवून कणसांवर शिंपडला. ताई फोनवर रडायची बाकी होती. एक पाऊस आला आणि सगळं धुऊन गेलं. मसालाही आणि उरलेली कणसंही. पहिला हप्ता खल्लास.

मला वाटलं, आता बाबा परत खिडकीत जाऊन बसणार. त्याऐवजी त्यांनी जाहीर केलं, ‘‘सरळ बोर्डातनं वायर ओढतो. गावाकडं डुकरांना तसंच करतात.’’

इथे मात्र मी गंमत बंद करून सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचंही गाव असेल, तिथे कुणाचं तरी रान असेल. घरातला 230 व्होल्टचा करंट थेट कुंपणात सोडणं म्हणजे सापळा आहे. तो धरून ठेवतो, सोडत नाही. आपल्याकडे रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेला शेजारचा शेतकरी चिकटतो, बिबट्या चिकटतो, कधी तार लावणाऱ्याच्याच घरातलं माणूस जातं. वर तो गुन्हाही आहे. बाबांना हे सगळं ठाऊक होतं. रागाच्या भरात बोलले एवढंच. पण ताईनं त्या रात्री गॅरेजमधल्या एक्स्टेन्शन कॉर्ड लपवून ठेवल्या.

आता शेजारच्या आजोबांची एण्ट्री. इटालियन वंशाचे, वय ऐंशीच्या आसपास, टोमॅटोवाले. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, त्यांचं न्यू जर्सीतलं. दोघांना एकमेकांचं निम्मंच कळतं, तरी कुंपणाशी तासभर उभे असतात. ते म्हणाले, माझ्याकडे पिंजरा आहे. आत मार्शमेलो ठेवायचे, रकून अडकला की गाडीत घालून दहा मैलांवर जंगलात सोडून यायचा. बाबा खूश! मी म्हटलं थांबा, बघते.

बघितलं आणि गार पडले. तिकडे बऱ्याच राज्यांत असं पकडून दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे, आणि त्यामागे मोठं कारण आहे. रकून रेबीज पसरवतो. हा रेबीज आधी अमेरिकेच्या आग्नेय भागापुरता होता. 1970च्या दशकात शिकारीसाठी तिकडचे रकून उचलून व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला आणून सोडले, त्यांच्यातून रोग आला आणि बघता बघता पूर्व किनाऱ्यावर पसरला. आता तिथलं सरकार विमानातून लसीचे गोळे टाकतं, रकूननी खावेत म्हणून! त्यात सोडलेला प्राणी नव्या जागी बऱ्याचदा टिकत नाही. पाणी कुठे, लपायचं कुठे, काही माहीत नाही, आणि तिथले आधीचे रकून त्याला उभं करत नाहीत. इकडे त्याच्या रिकाम्या जागी आठवड्यात दुसरा हजर.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, लाइन कट झाली.

‘‘उचलून नवीन जागी सोडलं की जगत नाही म्हणतेस,’’ बाबा म्हणाले.

मला पुढे काही सुचेना. मी त्यांना जेवलात का, असं विचारलं. हो, म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री ते बागेत खुर्ची टाकून बसले. हातात टॉर्च, शेजारी दगडांची छोटी रास. ताईनं घाबरून मला फोन केला, इथे सकाळचे साडेअकरा. ‘‘तू सांग ना त्यांना आत यायला. माझं नाही ऐकत.’’ माझं तरी कधी ऐकलंय! पण दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून चाळीस मिनिटं बोलले. चाळीस, मी घड्याळ बघितलं. दोनच्या सुमाराला एक मादी आली, मागे चार पिल्लं. दुसऱ्या हप्त्याच्या मक्याला अजून दाणा भरला नव्हता, तरी ती एका ताटावर चढली, आपल्या वजनानं ते वाकवून खाली आणलं आणि बाजूला सरकली. पिल्लं कणसं चाचपत बसली. ‘‘ताट वाढून दिलं बघ पोरांना,’’ बाबा म्हणाले. मी विचारलं, दगड मारलात? ‘‘टॉर्च लावला.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण मका माझा आहे. बंदोबस्त तर करायलाच पाहिजे.’’

बंदोबस्त शेवटी शेजारच्या आजोबांनीच सांगितला. झटका मशीन! आपल्याकडे गावोगाव दिसतं तेच. साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका. व्होल्ट हजारांत, पण करंट नगण्य, त्यामुळे जोरात चटका बसतो, जीव जात नाही. रकूनसाठी जमिनीपासून 6 इंचांवर एक तार आणि 12 इंचांवर दुसरी, बास. साधी जाळी तो शिडीसारखी चढून जातो, पण इथे नाक किंवा हात तारेला लागतोच. संध्याकाळी चालू, सकाळी बंद. तारेखालचं गवत सतत कापायचं, नाहीतर करंट त्यातूनच जमिनीत जातो. आणि महत्त्वाचं म्हणजे दाणा भरायच्या आधी आठ-दहा दिवस हे सगळं उभं पाहिजे. एकदा का चव लागली, की मग चटकाही सोसतात. दाजींनी आधी टाउनशिपच्या ऑफिसात विचारून घेतलं, कारण वस्तीत अशी तार सगळीकडे चालत नाही. परवानगी मिळाली. पाटी लागली, भाच्याला तंबी मिळाली, कचऱ्याच्या डब्यांना रबरी पट्टे आले. दाजींचा ग्रिलवरचं चिकन रात्रभर उघडं ठेवायचा कार्यक्रमही बंद झाला. (आमंत्रण मुळात तिथूनच जात होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.)

दुसऱ्या हप्त्यातली एकतीस कणसं घरात आली. एकही चोरी नाही. दहा शेजारच्या आजोबांकडे गेली. बाबांनी त्यांना कोळशावर भाजून, लिंबू-तिखट चोळून खायला शिकवलं. व्हिडिओ कॉलवर बाबांच्या मिशीला काळं लागलेलं. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता खरी बातमी. परवा सकाळी सातला फोन. मला वाटलं, परत चोरी.

‘‘ऑक्टोबरात आलो की पुण्याला नाही जात. गावाला जातो. चुलतभावाशी बोललोय, विहिरीकडचं अर्धा एकर वाट्यानं करायला देतोय. डुकरांनी भुईमूग ठेवला नाही म्हणून पडीकच आहे ते.’’

‘‘बाबा, एकटे? गावाला?’’

‘‘तू झटका मशीनचा भाव काढून ठेव. सोलरचं बघ. डुकराला तार किती उंचीवर लागते, तेही विचार.’’

मी तीन दुकानांत फोन केलेत. कोटेशन येतील दोन दिवसांत. ताईला मात्र यातलं काहीच माहीत नाही. तिनं बाबांच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन करायला घेतलंय, फॉर्मसुद्धा भरून ठेवलाय. आणि हा अंक तिच्याकडे पोचतो शुक्रवारी. म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत मला फोन करायलाच हवा.