कूलंट जातं कुठे?

बाबांची सतरा वर्षांची गाडी आता मी चालवते. महिनाभर दर रविवारी तेच. कूलंटची बाटली ‘मिन’च्या खाली, पण पार्किंगमध्ये एक थेंबही नाही! मग काय, टॉप-अप मारायचं आणि विसरायचं.

परवा आई-बाबांना साताऱ्याला नेताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा सरसर वर गेला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाकडे माझा हात गेला तोच बाबा ओरडले, “भाजून घेशील! थंड होऊ दे आधी.”

गॅरेजवाल्या काकांनी आधी ऑइल बघितलं. दुधाळ नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट बहुतेक शाबूत. हुश्श! मग थंड इंजिनला प्रेशर टेस्टर लावला. काटा हळूहळू उतरला आणि वॉटर पंपापाशी थेंब दिसला. गरम इंजिनवर तो तिथेच वाळून जायचा, मागे उरायचा फक्त डाग.

पंप बदलला. अजून थोडं रेटलं असतं, तर इंजिनच खोलावं लागलं असतं. बाबा एवढंच म्हणाले, “बाटली भरत होतीस गं, बघत नव्हतीस.”