पोटऱ्यांतील गोळे आणि शल्यवैद्याची सुई

आपल्या गावांतून असे एखादे वडीलधारे गृहस्थ हटकून आढळतात, की जे रविवारी मिस्सासाठी घरून निघाले म्हणजे वाटेत दोनदा तरी थांबतात. कोणी विचारलेच, तर "पोटऱ्यांत जरा गोळे आले" असे म्हणून ते पारावर टेकतात, दोन-चार मिनिटे बसतात आणि पुन्हा चालू लागतात. घरची मंडळी हे वयाचे दुखणे समजतात. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी रात्री कोमट तेल चोळून देतो. परंतु चालताना दुखणे, थांबताच राहणे आणि तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा दुखणे, या क्रमात पुष्कळदा एका गंभीर रोगाची पहिली सूचना असते. ती वेळीच ओळखली तर पाय वाचतो; न ओळखली तर कधी कधी पाय गमवावा लागतो. यास्तव या आठवड्यात आम्ही रक्तवाहिन्यांच्या विकारांचा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

रक्त शरीरात फिरते हे आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण ते हृदयातून निघून पुन्हा हृदयातच परत येते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली ग्रंथरूपाने सिद्ध करून दाखविले, तोवर युरोपातील विद्वानांचीही समजूत निराळी होती. हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती नीला, आणि या दोहोंना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक वाहिन्या त्या केशवाहिन्या. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना बागायतीचा अनुभव आहे. पाटात जागोजाग गाळ साचला म्हणजे पहिली झळ लागते ती टोकाच्या वाफ्याला. शरीरातही तसेच होते. पावले ही हृदयापासून सर्वांत दूर. म्हणून रोहिण्यांत गाळ साचला की त्याची खूण पुष्कळदा तेथेच उमटते.

हा गाळ म्हणजे काय? रोहिणीच्या आतील गुळगुळीत अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबी व चुना साचत जातो, भिंत जाड व कठीण होते आणि रक्ताची वाट अरुंद होते. स्वस्थ बसलेल्या पायाला थोडे रक्त पुरते, म्हणून बसल्यावर काही वाटत नाही. चालू लागताच पोटरीचे स्नायू अधिक रक्त मागतात. ते मिळत नाही, आणि पोटरी दुखू लागते. गोळ्यांचे कारण हेच होय. रोग पुढे गेला म्हणजे बसल्याजागीही पाय दुखतो, विशेषतः रात्री. मग रोगी उठून बाजेवरून पाय खाली सोडून बसतो, कारण पाय लोंबता ठेवल्याने रक्त थोडे अधिक उतरते व ठणका कमी होतो. या अवस्थेस पोहोचलेल्या मनुष्याने एक दिवसही दवडू नये. याच्या पुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम आणि काळे पडणारे बोट.

या रोगाची कारणे आम्ही स्पष्टच सांगतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील जादा चरबी आणि वाढते वय ही ती होत. वय आपल्या हाती नाही. बाकीच्या चारांवर पुष्कळ इलाज आहे. यांत तंबाखूचा अपराध सर्वांत मोठा. किंबहुना एक रोग तर जवळजवळ तंबाखूचाच म्हणावा असा आहे. १९०८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यास बर्गरचा रोग म्हणतात. तो म्हाताऱ्यांना नव्हे, तर बहुधा पंचेचाळिशीच्या आतील विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गाठतो. हातापायांच्या बारीक रोहिण्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात आणि ऐन कमावत्या वयात बोटे झडू लागतात. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत हा रोग आजही पाहावयास मिळतो. यात वाहिन्या इतक्या बारीक बंद झालेल्या असतात की शल्यवैद्याला पुष्कळदा हात घालण्यास जागाच उरत नाही. तंबाखू पूर्णपणे, अगदी शेवटच्या झुरक्यापर्यंत, सोडली तर रोग बहुधा थांबतो. "दिवसाला दोनच ओढतो" म्हणणाऱ्याचा थांबत नाही.

आता शल्यवैद्याकडे वळू. रक्तवाहिनी शिवणे हे काम आज नित्याचे झाले असले, तरी मनुष्याला ते फार उशिरा साधले. १८९४ च्या जूनमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात मारेकऱ्याने सुरा चालविला. यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेली. शहरातील नामांकित शल्यवैद्य भोवती असूनही ती शिवण्याची विद्या कोणापाशी नव्हती, आणि अध्यक्ष त्याच रात्री मरण पावले. त्याच शहरात अलेक्सिस कारेल नावाचा वीस-एकवीस वर्षांचा तरुण वैद्यक शिकत होता. ही वाहिनी शिवता आली पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतले. लिआँ हे रेशमाचे व भरतकामाचे शहर, तेथील एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून त्याने अतिबारीक सुई व रेशमी धागा चालविण्याचे कसब शिकून घेतले. वाहिनीच्या गोल तोंडावर सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणले, की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि तीन सरळ बाजू शिवणे सोपे जाते, ही त्याची युक्ती १९०२ साली प्रसिद्ध झाली. १९१२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या हातकामाला आपण बायकांचा विरंगुळा म्हणतो, त्या हातकामाने आजवर किती पाय आणि किती प्राण वाचविले याचा हिशेब कोण करील?

विद्या हाती आली, पण ती सर्वत्र पोहोचण्यास आणखी चाळीस-पन्नास वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या रोहिण्यांच्या २,४७१ जखमांचा आढावा डीबेकी व सिमिऑन या डॉक्टरांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. ज्यांची तुटलेली रोहिणी केवळ बांधून टाकली होती, त्यांतील जवळजवळ निम्म्यांना हात किंवा पाय गमवावा लागला होता. कोरियाच्या युद्धात (१९५० ते १९५३) रोहिणी शिवून जोडण्याची रीत सुरू झाली आणि हे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास उतरले. मनुष्य तोच, जखमही तीच; फरक सुईने केला.

याच सुमारास रोगाने बंद पडलेल्या वाहिन्यांवरही उपाय निघाले. लिस्बन येथे जुआँव सिद दुश सांतुश यांनी १९४६ साली मांडीची रोहिणी उघडून आतला गाळ खरवडून काढला. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ क्यूंलँ यांनी रोग्याच्याच पायातील एक नीला काढून घेतली, तिच्यातील झडपा रक्ताला अडवू नयेत म्हणून ती उलटी केली, आणि अडथळ्याच्या वर व खाली जोडून रक्ताला नवी वाट करून दिली. बुजलेल्या पाटाच्या कडेने नवा चर खणून पाणी पुढे न्यावे, तसाच हा प्रकार. यालाच आज बायपास म्हणतात.

तिसरा उपाय आला तो पाय न चिरताच. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९६४ च्या जानेवारीत ८२ वर्षांची एक बाई रुग्णालयात होती. तिचे पाऊल सडू लागले होते. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला; बाईंनी साफ नकार दिला. तेव्हा चार्ल्स डॉटर या क्ष-किरण तज्ज्ञाने मांडीच्या रोहिणीतून तार व नळ्या सरकवून अरुंद जागा आतूनच रुंद केली. थंड पाऊल लागलीच ऊबदार झाले, पुढे जखम भरली, आणि त्या बाई जवळजवळ तीन वर्षांनी वारल्या त्या दोन्ही पायांवर चालत असतानाच. पुढे १९७४ साली झुरिच येथे अँड्रियास ग्रुंट्सिग यांनी नळीच्या टोकास फुगा बसविला. आज जिल्ह्याच्या अनेक मोठ्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टी या नावाने जे होते, त्याचे मूळ हे आहे.

तथापि पायात गोळे येणाऱ्या प्रत्येकास शस्त्रक्रिया लागते असा समज कोणी करून घेऊ नये. उलट पहिला इलाज म्हणजे तंबाखूचा त्याग, साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या व चरबी कमी करणाऱ्या गोळ्या, आणि चालणे. दुखते म्हणून चालणे सोडावयाचे नसते. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, राहिले की पुन्हा चालावे. असे आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा-पाऊण तास केले, तर काही महिन्यांत पुष्कळांची मजल वाढते. मात्र बसल्याजागी ठणका, न भरणारी जखम किंवा काळे पडलेले बोट असेल, तर हा उपदेश लागू नाही. तेथे रक्तवाहिन्यांच्या शल्यवैद्यालाच गाठले पाहिजे.

आणि येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. कोणी पाय कापण्यास सांगितले, तर संमती देण्यापूर्वी नम्रपणे एवढे विचारावे, "डॉक्टरसाहेब, पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे काय? रक्त पुन्हा सुरू करता येईल काय?" घोट्याजवळचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करणे ही साधी, न दुखणारी तपासणी आहे, घोट्याचा दाब दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला तर रोहिणी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. सरकारी योजनेत उपचार बसतो काय, हेही तेथेच विचारावे. पण तपासणीनंतर पाय वाचण्यासारखा नाही असे ठरले, आणि विष अंगात भिनत असेल, तर हट्ट धरू नये. पायासाठी प्राण घालविणे शहाणपणाचे नव्हे.

काही प्रसंगी तर घटकांचा हिशेब असतो. एखाद्याचा पाय किंवा हात एकाएकी थंडगार, पांढराफटक व बधिर झाला, तीव्र वेदना होऊ लागल्या, बोटे हलेनात, तर रोहिणीत गुठळी अडकली असण्याचा संभव आहे. सुमारे सहा तासांत रक्त सुरू झाले नाही, तर अवयव वाचणे कठीण. अशा वेळी चोळणे, शेकणे, सकाळपर्यंत वाट पाहणे हे सर्व घातक. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर नीलेत गुठळी झालेली असू शकते. तीही चोळू नये, कारण ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. क्षणभर वाचा जाणे, एक हात लुळा पडणे व पुन्हा ठीक होणे, ही मानेतील रोहिणी अरुंद झाल्याची खूण असू शकते. "गेले, बरे झाले" म्हणून स्वस्थ बसू नये. अर्धांगाची ती आगाऊ सूचना असते.

आता घराघरांत करण्याजोगे थोडे. घरात कोणास मधुमेह असेल, तर रात्री प्रार्थनेनंतर घरातील एखाद्या मुलाने वा सुनेने त्यांची दोन्ही पावले दिव्याच्या उजेडात पाहावी: बोटांच्या बेचकीत, टाचेला, तळव्याला. मधुमेहाने पाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. असे पाय चुलीपाशी शेकू नयेत, कढत पाण्यात बुडवू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये. शेतातही अनवाणी जाऊ नये. जुन्या गोव्याच्या फेस्ताला अनवाणी चालत जाण्याचा नवस अशा मनुष्याने बोलू नये; बोलला असेल, तर आपल्या पाद्रीबाबांशी बोलून त्याऐवजी दुसरे काही करावे. संत फ्रान्सिस झेवियरला कोणाच्या पायाच्या जखमेची गरज नाही.

राहिली विडी. वडिलांना विडी सोडा म्हणून सांगणे मुलांना जड जाते, हे आम्ही जाणतो. पण वडिलांचा पाय गेल्यावर त्यांना खांद्याचा आधार देणे त्याहून जड आहे. म्हणून येत्या रविवारी चर्चच्या वाटेवर कोणी थांबून पोटरी चोळताना दिसले, तर त्यांना वयाचे सांत्वन देऊ नका. त्यांच्याबरोबर थांबा, आणि सोमवारी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.