तेरावा महिना

भाऊबीजेला आम्ही तिघे भावंडे कंधारच्या घरी जमलो होतो. ओवाळणी झाली, फराळ झाला आणि विषय निघाला तो आईच्या फोनचा. आईचा फोन साधा, बटणांचा. त्यावरचा पाचचा आकडा पुसून गेलेला, मागचे झाकण रबराने बांधलेले. दोन दाबले की थोरला, तीन दाबले की धाकटा, चार दाबले की लेक, एवढीच तिची दूरसंचार-विद्या; पण त्या विद्येत ती आजवर नापास झालेली नाही.

पुण्याचा धाकटा म्हणाला, "आई, यंदा तुला मोठा फोन घेऊन देतो. नातवंडं रोज दिसतील."

बहीण म्हणाली, "फोन तू देशील रे, पण त्यात दर महिन्याला पैसे कोण टाकणार?"

आई म्हणाली, "तुम्हीच ठरवा बाबा. मला तुमचा आवाज आला म्हणजे झालं."

बहिणीचा प्रश्न मला झोंबला, कारण मागच्या उन्हाळ्यातला प्रसंग मी विसरलो नव्हतो. तीन दिवस आईचा फोन लागेना. चौथ्या दिवशी नांदेडहून सकाळची एसटी धरली. मनात नको नको ते येत होते. घरी पोचलो तर आई ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली! फोन शाबूत होता, रिचार्ज संपले होते. आधी जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. "मी तर एक तारखेला टाकलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, आता पुढच्या एक तारखेला टाकावं. तुला कशाला तरास?" तिचा महिना तीस दिवसांचा होता, फोनचा अठ्ठावीस दिवसांचा. या दोन महिन्यांच्या मधल्या फटीत आमची आई हरवली होती.

एसटीडी बूथचे दिवस आमच्या पिढीला आठवतात. रात्री अकरानंतर दर उतरायचा, म्हणून आम्ही डोळे चोळत रांगेत उभे राहायचो. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलून देशातला पहिला मोबाइल संवाद साधला, तेव्हा आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले २००३ मध्ये. पुढे 'आजीवन' कार्डे आली. फोनमध्ये थोडे पैसे टाकून ठेवावेत आणि लेकरांच्या फोनची वाट पाहावी, हे आईसारख्यांना परवडू लागले. 'पोचलो' हे एका मिस्ड कॉलवर कळू लागले. मात्र २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि नुसते ऐकण्यालाही पुन्हा किंमत आली.

म्हणून माझे म्हणणे असे, की फोन बदलायचा की नाही हा प्रश्न फोनच्या किमतीचा नाहीच. ती एकदाच मोजावी लागते. खरा प्रश्न त्यामागून येणाऱ्या बांधील खर्चाचा आहे. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा महिने होतात. आपल्या पंचांगात अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी येतो, फोनच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी समजावून सांगायला नको.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा रोज एक जीबी देणारा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २९९ रुपयांना झाला. तेराने गुणले की ३,८८७ रुपये. उलट, दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश दिल्यावर कंपन्यांना इंटरनेटशिवायचे, केवळ बोलण्याचे आणि संदेशांचे रिचार्ज काढावे लागले. याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ३६५ दिवसांचे तसे रिचार्ज १,८४९ रुपयांना दिले. फरक दोन हजारांहून अधिक. श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिना दीड हजार मिळू लागले. त्यावर जगणाऱ्या म्हातारीने २९९ चा पॅक घेतला तर तिच्या पैशाचा पाचवा हिस्सा त्यातच जाईल.

म्हणजे मोठा फोन वाईट, असे मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला तो लागतोच. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणे त्याच्या कामाचा भाग झाले. त्याच्या हातातला फोन हे अवजार आहे, जसे कोळपे तसा फोन. पण कोळपे ज्याच्या हातात चालते त्यानेच घ्यावे. नातवंडे पाहण्याची हौस आईपेक्षा दाखवणाऱ्यांना जास्त असेल, तर खर्चाचा बोजा आईच्या पदराला बांधू नये. आणि खरोखर तिलाच हौस असेल, तर फोनबरोबर वर्षाच्या रिचार्जची जबाबदारीही उचलावी. नुसता फोन भेट देणे म्हणजे गाय देऊन वैरणीला हात वर करण्यासारखे आहे.

शेवटी असे ठरले. आईला नवा फोन घेतला, पण बटणांचाच, मोठ्या आकड्यांचा. बोलण्याचे वर्षभराचे रिचार्ज दर भाऊबीजेला तिघांपैकी एकाने पाळीने टाकायचे. यंदा बहिणीने हट्टाने पहिली पाळी घेतली, "माझी ओवाळणी समजा" म्हणाली. धाकट्याचे मन मोडू नये म्हणून रविवारी शेजारच्या पोरीच्या फोनवर आई नातवंडांना पाहते.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणाचा तरी फोन रबराने बांधलेला असेल. तो बदलण्याआधी त्याच्या मालकाला दोनच गोष्टी विचारा: तुला काय हवे, आणि गेल्या वर्षी तुझा फोन किती दिवस बंद होता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळणार नाही. आपल्या आया पैसे मागत नाहीत. त्या पुढच्या एक तारखेची वाट पाहतात.