न थांबणारी घंटा

रोगाचे नाव एक आणि त्यावर औषधही एक, असा आपल्या घरगुती वैद्यकाचा हिशेब असतो. पडशाला आल्याचा काढा, पोटदुखीला ओवा. शेजारच्या वहिनींना ज्याने गुण आला, त्यानेच आपल्यालाही यावा, अशी आपली भाबडी समजूत. कर्करोगाच्या बाबतीतही पुष्कळजण मला हेच विचारतात : "अमकीला ते नवे इंजेक्शन दिले, मग आमच्या बहिणीला का नाही?" या प्रश्नात दुःख आहे आणि थोडा संशयही आहे. म्हणूनच दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय वाढायचा संकोच वाटत असूनही मी तो आज घेतला आहे.

खरी गोष्ट अशी की, कर्करोग हा शब्द एकवचनी असला तरी रोग अनेकवचनी आहे. स्तनाच्या कर्करोगाचेच पाहा. पेशी म्हणजे एक घर समजा. त्याच्या भिंतीवर बाहेरून दाबायच्या घंटा असतात. घंटा वाजली की आत हुकूम जातो : "वाढा, एकाच्या दोन व्हा." काम झाले की घंटा थांबते. अशाच एका घंटेचे नाव आहे हर-टू. ती एक प्रथिन आहे आणि तिचा नकाशा ज्या जनुकात असतो, त्याच्या निरोगी पेशीत दोनच प्रती असतात. काही गाठींत मात्र या प्रती वाढत जातात आणि भिंतीवर घंटांची अशी दाटी होते की, कोणी न दाबताच त्या एकमेकींना लागून वाजू लागतात. पेशी बिचारी हुकमाची ताबेदार. ती वाढतच राहते.

१९८७ साली लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठींची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे तीस टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती होत्या, आणि नेमक्या त्याच स्त्रियांचा रोग लवकर उलटत होता. आजच्या मोजणीप्रमाणे हे प्रमाण शंभरात पंधरा ते वीस भरते. आता प्रश्न एवढाच उरला, की ही घंटा बंद कशी करायची?

जेनेनटेक या कॅलिफोर्नियातील कंपनीपाशी उंदराच्या पेशींनी बनवलेले एक प्रतिपिंड होते. ते हर-टूला नेमके चिकटत असे. पण उंदराचे प्रथिन माणसाच्या अंगात टोचले, तर शरीर त्याला परके ओळखून हुसकून लावते. मग शास्त्रज्ञांनी आपल्या कोकणातल्या माळ्याची युक्ती केली. गावठी रोपावर हापूसचे कलम बांधावे, तसे माणसाच्या प्रतिपिंडावर उंदराच्या प्रतिपिंडाचे फक्त चिकटणारे शेंडे बांधले. हे कलम अर्थात सुरीने नव्हे, जनुकांत केले. १९९२ साली ते प्रसिद्ध झाले.

आता हे प्रथिन बनवायचे कोणी? इन्शुलिन लहान, ते १९७८ साली जंतूंकडूनच करून घेता आले होते. प्रतिपिंड मोठे आणि घडीदार, जंतूंना न पेलणारे. म्हणून चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत हे जनुक घातले आणि त्या पेशी पोलादी टाक्यांत वाढवल्या. हेच ते ट्रास्टुझुमॅब. ते घंटेवर जाऊन बसते, तिचा आवाज दाबते आणि त्या घरावर जणू खडूने खूण करते. मग शरीराचे पहारेकरी तिकडे वळतात.

रोग पसरलेल्या ४६९ स्त्रियांवर प्रयोग झाला. नुसत्या केमोथेरपीने सरासरी २०.३ महिन्यांचे आयुष्य मिळत होते. हे औषध जोडल्यावर ते २५.१ महिने झाले. पाच महिने! कोणाला ते थोडे वाटतील. ज्या घरात मूल दहावीला बसले आहे, त्या घराला विचारा. १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पुढे २००५ साली याहून मोठी बातमी आली : रोग लवकर सापडून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना हे औषध दिले, तर तो उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो.

पण औषध निर्दोष नाही. त्या ४६९ जणींच्या प्रयोगात अँथ्रासायक्लिन गटाच्या औषधाबरोबर ते दिले, तेव्हा शंभरात सत्तावीस जणींच्या हृदयाचे काम बिघडले. म्हणून आज हृदय तपासल्यावाचून ते सुरू करीत नाहीत. जिच्या गाठीत घंटांची दाटीच नाही, तिला ते दिले तर लाभ काहीच नाही. धोका आणि खर्च मात्र पुरा. प्रतिपिंडाच्या पाठीवर विष लादून पाठवणारी नवी औषधे आली आहेत, आणि त्यांतले एक २०२२ पासून थोड्या घंटा असलेल्या काही रुग्णांनाही देता येऊ लागले आहे. पण तीही घंटा मोजूनच.

राहिला पैशाचा प्रश्न. तो खोटा नाही. मूळ औषध मध्यमवर्गीयाच्याही आवाक्याबाहेर होते. २०१४ साली बंगळूरच्या बायोकॉनने आपले ट्रास्टुझुमॅब कमी किमतीत बाजारात आणले. असे औषध म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. एकाच विरजणाचे दही दोन घरांत थोडे निराळे लागते. म्हणून ते मूळ औषधाइतकेच गुणकारी आहे, हे पुन्हा सिद्ध करावे लागते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅब आवश्यक औषधांच्या यादीत घातले. यादीत नाव आले म्हणजे तालुक्याच्या गावी बाटली पोहोचली असे मात्र होत नाही, आणि त्यासाठी आपण सर्वांनी आवाज उठवला पाहिजे.

तोवर, वाचकहो, एक करा. घरात कोणावर हा प्रसंग आला, तर "शेजारणीचे इंजेक्शन" मागू नका. हर-टूच्या तपासणीचा कागद मागा. त्यावर शून्य ते तीन असा आकडा असतो. तीन म्हणजे दाटी आहे. शून्य किंवा एक म्हणजे नाही. दोन म्हणजे आणखी एक तपासणी हवी. तो आकडा माहीत करून घेऊन मग डॉक्टरांपुढे बसा आणि बहिणीला कोणते औषध का दिले, हे त्यांना नि:संकोच विचारा.